अवलंबून

त्या इमारतीसमोरून अंजलीने तिसऱ्यांदा स्कूटी पुढे नेली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी वळवून परत आणली. पहिल्या खेपेला गेटवर दोन बायका बोलत उभ्या होत्या म्हणून ती थांबली नाही. दुसऱ्या खेपेला कोणीच नव्हतं, तरीही थांबली नाही. आता वॉचमन खुर्चीतून उठून तिच्याकडेच बघायला लागला, तेव्हा तिने नाइलाजाने गाडी लावली.

"कोणाकडे?"

"त्या ट्यूशन घेतात ना, मॅडम..."

"दुसरा मजला. चपला दाराबाहेर ठेवू नका, कुत्रं पळवतं."

पाथर्डी फाट्यावरच्या तिच्या घरापासून हे इंदिरानगर स्कूटीवर दहा मिनिटांवर. पण लग्नाला चार वर्षं झाली तरी या गल्लीत तिने पाऊल टाकलं नव्हतं. इथे राकेशची पहिली बायको पूजा राहत होती, आणि तिच्यासोबत राकेशची मुलगी निकिता, यंदा आठवीत गेलेली. दर दुसऱ्या रविवारी राकेश मुलीला भेटायला एकटाच यायचा. मीही येते, असं अंजली कधी म्हणाली नव्हती आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

अंजली मूळची घोटीची. वडील भाताच्या गिरणीत कामाला होते. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती नर्सिंगचा कोर्स करून नुकती नोकरीला लागली होती. मग त्यांचं करता करता स्वतःचं लग्न लांबत गेलं, आणि वडील गेल्यावर तेहेतिसाव्या वर्षी राकेश अहिऱ्यांचं स्थळ आलं. घटस्फोटित, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, आई सोबत. माणूस शांत वाटला, तिने होकार दिला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका प्रसूतिगृहात ती गेली बारा वर्षं होती. आजवर किती बाळं तिच्या हातात पडली याची गणती तिने कधी ठेवली नाही. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलतही नव्हतं.

परवा सकाळी ती ड्यूटीवरून आली, खांद्यावरची पर्स उतरवते न उतरवते तोच दारात पोलीस.

"राकेश अहिरे?"

"दुकानावर गेलेत. काय झालं?"

हवालदार पन्नाशीचा असेल. त्याने कागद पुढे केला, पण आवाज हळू ठेवला. शेजारचं दार उघडंच होतं. "मुलीची पोटगी थकलीय, वहिनी. सात महिने. वसुलीचं वॉरंट आहे. पुढच्या गुरुवारी कोर्टात हजर राहायला सांगा त्यांना. नाही राहिले तर मग मला घेऊन जावं लागेल. आणि सकाळी सकाळी कोणाला घरातून न्यायला मला आवडत नाही."

डिसेंबरात राकेशचा कारखाना बंद पडला होता. तेव्हापासून तो एका मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहत होता. पोटगी कमी करण्यासाठी कोर्टात अर्ज टाकलाय, निकाल लागेपर्यंत भरायची गरज नाही, वकीलच तसं म्हणाले, असं त्याने सांगितलं होतं. अंजलीने मान डोलावली होती. वॉरंटचा कागद पाहून तो चिडला. "तिला मला जेलात बघायचंय. पोरीलाही भेटू देत नाही हल्ली." एवढं बोलून तो अंघोळीला गेला.

तेव्हापासून अंजलीला एका जागी बसवेना. वॉर्डात तिने एका रिकाम्या कॉटची चादर दोनदा बदलली. इंजेक्शनचा ट्रे उचलून भलत्याच खोलीत नेला. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या, डाळ करपली, आणि सासूबाईंनी ती मुकाट्याने खाल्ली. शेवटी तिने ठरवलं, आपणच जाऊन बोलावं. बाईमाणूस आहे, ऐकेल. काय बोलायचं तेही तिने मनात घोकून ठेवलं होतं.

दार उघडंच होतं. चटईवर दहा-बारा मुलं दाटीवाटीने बसली होती. पूजाने गाऊनवर ओढणी घेतली होती आणि एका हातात खडू होता. वळून न बघताच ती म्हणाली, "बसा पाच मिनिटं. अपूर्णांक चाललेत, मधेच सोडले तर परत पहिल्यापासून."

अंजली दिवाणाच्या कडेला टेकली. उठली. परत टेकली. एका मुलीने वही तिच्यासमोर धरली, "टीचर, हे बरोबर आहे?" अंजलीने ती वही उलटी की सुलटी हेही न बघता "हो" म्हटलं. मुलीने संशयाने पाहिलं आणि दुसरीकडे गेली.

मुलं गेल्यावर पूजाने हात झटकले. "हं. कोणाच्या आई तुम्ही? चौथीतल्या?"

"मी अंजली. राकेशच्या घरची."

पूजाने एकदा तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "निकिता, गॅलरीतले कपडे काढ. घड्या पण घाल." आणि अंजलीला विचारलं, "त्याने पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मग बसा नीट. कडेला बसून पडाल."

अंजलीने घोकलेलं सगळं बोलून टाकलं. कारखाना खरंच बंद झालाय, दुकानात मिळतं ते पेट्रोलला आणि मोबाइलला पुरतं, घराचा हप्ता आहे, सासूबाईंची औषधं आहेत. तुम्ही थोडं समजून घेतलंत, थोडं कमी केलंत, तर हे वॉरंटबिरंट होणार नाही. पूजाने मधे एकदाही अडवलं नाही. अंजलीचं बोलणं संपल्यावर तिने कपाटावरची फाइल काढली, एक पान उघडून पुढे केलं.

"हे वाचलंय तुम्ही?"

राकेशचा अर्ज होता. टाइप केलेल्या ओळींत एका ठिकाणी पेन्सिलने रेघ मारलेली होती. 'अर्जदारास सध्या कोणतेही उत्पन्न व मालमत्ता नसून तो सर्वस्वी त्याच्या द्वितीय पत्नीच्या उत्पन्नावर अवलंबून आहे.' अंजलीने ती ओळ दोनदा वाचली. आपलं नाव नव्हतं. नुसतं द्वितीय पत्नी. कोर्टाच्या कागदात आपण आहोत आणि आपल्याला ठाऊकही नाही, याचं तिला कसंसंच झालं.

"खरंच आहे की ते," ती हळूच म्हणाली. "माझ्याच पगारावर चालतं."

"तेवढं खरं असेल. पण मालमत्ता नाही म्हणतो ना, ते बघा. कंपनीने हिशेब केला मार्चमध्ये. ग्रॅच्युइटी, भरपाई, सगळं मिळून साडेपाच लाख. त्याच्याबरोबरच्या एकाची मुलगी माझ्याकडे शिकायला येते. सगळ्यांना मिळाले, याला पण मिळाले. तुम्हाला नाही सांगितलं?"

अंजलीने फाइल मिटून तिच्याकडे सरकवली.

"नाही सांगितलं," पूजा स्वतःशीच म्हणाली. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट ती थोडी थकल्यासारखी दिसली. "माझ्याकडे कागद नाही. नुसतं ऐकलेलं कोर्टात चालत नाही. हे बघा अंजलीताई, तो माझा नवरा होता तेव्हाही असाच. वाईट नाही. दारू नाही, मारझोड नाही. फक्त खिशात काय आहे आणि डोक्यात काय आहे, ते बायकोला कळू द्यायचं नाही. मी नऊ वर्षं अंदाज बांधत राहिले. मग कंटाळले."

कपड्यांच्या घड्या घेऊन निकिता बाहेर आली. चष्मा, उंची मात्र बापाची. एका पायावर भार टाकून ती उभी राहिली तेव्हा अंजलीला दचकायला झालं. अगदी तसंच उभं राहणं.

"काकू, पप्पा बरे आहेत ना?"

"हो. का गं?"

"सात-आठ रविवार झाले, आले नाहीत. फोन केला की दुकानात गर्दी आहे म्हणतात. रविवारी पण गर्दी असते का हार्डवेअरला?"

अंजलीने पूजाकडे पाहिलं. पूजा फाइलची दोरी बांधत होती.

"विचारते मी," अंजली म्हणाली आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की ज्यासाठी आलो होतो ते तिथेच राहिलं.

राकेशला तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खरं मानायची तिला सवय होती. रविवारी तिची साप्ताहिक सुट्टी. घोटीला भावाकडे जाऊन येते, असं सांगून ती सकाळीच ठक्कर बाजार स्टँडवर गेली आणि उलट्या दिशेच्या, सटाण्याच्या गाडीत बसली. राकेश जे तिला सांगत नव्हता, ते गावी थोरल्या भावाला तरी सांगत असणार. चार वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं मोठं खोटं. चांदवड येईपर्यंत तिने तीनदा फोन काढून परत ठेवला. देवळ्याला बस थांबली तेव्हा परतीची गाडी समोरच लागली होती. उतरावं असं मनात आलं, ती उठलीही, पण तेवढ्यात एका बाईने तिच्या जागेवर पिशवी ठेवली आणि ती पटकन खाली बसली. सटाण्याला गाडी बदलून नामपूरला, राकेशच्या गावी, पोचायला दुपार झाली.

थोरले दीर रंगनाथ अंगणातच होते. भावजय अशी न सांगता आलेली पाहून ते आधी घाबरले. "आई बरी शे ना?"

"बऱ्या आहेत, दादा. सहज आले."

"सहज कोण येतं इतक्या लांब!" मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "चाळ पाहायला आली का? राकेशने धाडलं? चल, चल, जेवण मग कर."

घरामागे मोकळ्या जागेत नवीकोरी कांद्याची चाळ उभी होती. लोखंडी खांब, जाळी, वर पत्रे. खालून वरपर्यंत उन्हाळ कांदा भरलेला. दमट हवेत त्याचा उग्र वास नाकात शिरला. रंगनाथ जाळीवर थाप मारत कौतुकाने सांगत होते. "जागा माझी, पण चाळ राकेशनी शे. मालबी त्यानाच. कंपनीचा सगळा पैसा आठेच, या चाळमा टाका त्याने. एप्रिलमध्ये स्वस्तात घेतला कांदा, आता भाव चढाची वाट पाहतोय. खाले जरासा सडाले लागना शे, पण तेवढं चालतंच. तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं," अंजली म्हणाली. "पाहिली नव्हती फक्त."

दिरांना अवघडून टाकायचं तिच्या जिवावर आलं. त्यांनी काही लपवलंच नव्हतं. जावेने आग्रह करून वाढलेली भाकरी तिने कशीबशी खाल्ली आणि पाचच्या गाडीने परत फिरली.

ती घरात शिरली तेव्हा राकेश आलेला नव्हता. सासूबाई, यशोदाबाई, पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. अंजलीने पर्स ठेवली आणि त्यांनी मान वर करून वास घेतला. बागलाणातली बाई, साडीला चिकटलेला कांद्याच्या चाळीचा वास तिला कोणी सांगायला नको होता.

"नामपूरले गयी व्हती."

"हो, आई."

म्हातारीने गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. "माले माहीत व्हतं, बाई. त्याने शपथ घालेल व्हती."

अंजलीला राग यायला हवा होता. पण रोज सकाळी आपण ड्यूटीला निघालो की या बाईची नजर का चुकते, ते आज कळलं, आणि तिला फक्त बसावंसं वाटलं. ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

राकेश आला तो अर्ध्या तासाने. बूट काढत होता, तेवढ्यात ती म्हणाली, "मी चाळ पाहून आले."

त्याचा हात बुटाच्या नाडीवरच राहिला. "दादाने सांगितलं?"

"आधी पूजाताईंनी सांगितलं. पैसे मिळाल्याचं."

"तू तिच्या घरी गेलीस?" तो ताडकन उभा राहिला. "माझ्या पाठीमागे? तिच्याकडे?"

"तुम्ही पाठीमागे साडेपाच लाखांचा कांदा भरलात. मी फक्त बस धरली."

तो खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. खोली केवढी, चार पावलं गेलं की भिंत. "तुला नाही कळणार. बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या भोंग्यावर चाललो. बावीस वर्षांनी गेटवर एक कागद चिकटवला, संपलं. आता हार्डवेअरवाला पोरगा मला म्हणतो, राकेशभाऊ, खिळे मोजून द्या. एकदा, फक्त एकदा माझ्या हातात माझं म्हणून काही आलं. कोर्टात सांगितलं असतं तर काय झालं असतं? निम्मे तिला, निम्मे वकिलाला. आणि मी परत काउंटरवर. दिवाळीपर्यंत थांब. भाव येणार, लिहून देतो. मग सगळ्यांचं सगळं देईन, एकरकमी."

"मुलगी दिवाळीपर्यंत शाळेत जात नाही का?"

"तिची आई कमावते ना! आणि आपल्याकडे तरी काय अडलंय? तुझ्या पगारात भागतंयच की."

हे तो सहज बोलून गेला. बोलल्यावरही त्याच्या लक्षात आलं नाही. अंजलीला मात्र पेन्सिलची रेघ मारलेली ती ओळ डोळ्यांपुढे दिसली. गेले आठ महिने तिने दर महिन्याला जादाच्या चार-चार ड्यूट्या घेतल्या होत्या, पायाच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ते सगळं या माणसाला दिवाळीपर्यंत थांबता यावं म्हणून होतं.

"निकिता विचारत होती, पप्पा का येत नाहीत," ती म्हणाली. "तिची आई येऊ देत नाही, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. यशोदाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"गुरुवारी मी येणार कोर्टात," अंजली म्हणाली. "बाहेर बाकावर बसेन. आत काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी होऊन काही सांगणार नाही. पण कोणी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. एवढं आधी सांगून ठेवते."

गुरुवारी न्यायाधीशांनी दोघांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. एकदा बोलून बघा, जमलं तर बरं. राकेश आणि पूजा आत गेले, दार लागलं. बाहेरच्या बाकावर अंजलीच्या एका बाजूला एक तरुण मुलगी पोराला बिस्किट भरवत होती, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा पिशवीतले कागद काढून लावत होता, परत काढत होता. अंजली उठून पाणी प्यायली. तहान नव्हती. जिन्यापर्यंत गेली, परत आली. निघून जावं का? विचारलंच नाही तर बरंच. आणि विचारलं तर? घरी परत जाताना या माणसाच्या शेजारी कसं चालायचं?

दार उघडलं. शिपायाने विचारलं, "अहिऱ्यांच्या मिसेस कोण? आत बोलावलंय."

खोलीत टेबलाभोवती चार खुर्च्या. समुपदेशक बाई साठीकडे झुकलेल्या, चष्मा कपाळावर. "बसा. तुमच्या पगारावर घर चालतं, असं अर्जात लिहिलंय. बरोबर?"

"बरोबर."

"यांना दुसरं काही उत्पन्न, काही मालमत्ता? हे नाही म्हणतायत. तुम्हाला काही माहिती?"

राकेश टेबलाच्या काचेकडे पाहत होता. त्याने मान वर केली असती, एकदा तिच्याकडे पाहिलं असतं, तर कदाचित तिची जीभ अडखळली असती. त्याने पाहिलं नाही.

"दुकानात काम करतात, तिथले थोडे मिळतात," अंजली म्हणाली. "आणि नामपूरला कांदा आहे. कंपनीच्या पैशांतून घेतलेला. चाळ पण त्यांचीच. जागा दिरांची आहे."

पूजाने डोळे मिटून घेतले.

"विकतो," राकेश एकदम म्हणाला. आवाज चढला होता. "उद्या जाऊन सगळा विकतो. मातीमोल भावात. झालं दोघींचं समाधान?"

"सगळा कशाला विकतोस?" पूजा म्हणाली. "थकलेलं दे. बाकीचा ठेव तुझा. आणि बाई, यांची नोकरी गेली हे खोटं नाही, ते मलाही माहीत आहे. नऊ हजारांच्या ठिकाणी सहा लिहा, नोकरी लागेपर्यंत. पण दर महिन्याला. आणि रविवारी येत जा म्हणावं. ती खिडकीत बसून असते."

मग राकेश जे बोलला ते कोणाला उद्देशून होतं कळलं नाही. "कुठल्या तोंडाने येऊ? मेमध्ये तिला घेऊन बाहेर गेलो. सगळे पैसे नामपूरला अडकलेले, खिशात दोनशे रुपये. मेनूकार्ड बघितलं तिने. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पप्पा, मला भूकच नाही. तेरा वर्षांची पोर. माझा खिसा बघून तिची भूक गेली." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "त्याच्यानंतर नाही गेलो."

समुपदेशक बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी राकेश नामपूरला गेला. निम्म्याच्या वर कांदा काढावा लागला, कारण भाव पडलेला होता आणि खालचा बराच सडला होता. थकलेली पोटगी कोर्टात भरली, अर्जावर नवा आदेश झाला, वॉरंट रद्द झालं. अंजलीशी तो भांडला नाही. बोललाच नाही. जेवण वाढलं की जेवायचा, भाजीत मीठ कमी असलं तरी मागायचा नाही. आठ दिवसांनी त्याने बॅग भरली. "उरलेल्या मालापाशी कोणीतरी पाहिजे. दादा एकटा किती बघणार." अंजलीने इस्त्रीचे दोन शर्ट आणून दिले. ते त्याने बॅगेत वरच ठेवले.

पंधरा दिवसांनी तो आईला न्यायला आला. "चल आई, तिकडे तुझ्या ओळखीपाळखीच्या बायका आहेत."

यशोदाबाई शेंगा सोलत होत्या. सोलतच राहिल्या. "माले आठेच बरं शे."

"इथे दिवसभर एकटी असतेस तू."

"ती येस ना सांजले." त्यांनी मान न वळवता अंजलीकडे बोट केलं. "तिले बी कोणी पाहिजे घरमा."

राकेश मग थांबला नाही.

दिवाळीच्या तोंडावर कांदा चढला. नुसता चढला नाही, दुपटीच्या वर गेला. उरलेला माल त्याने विकला, चांगले पैसे आले. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, बऱ्याच दिवसांनी. "सगळा ठेवला असता तर," तो म्हणाला. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तो म्हणत होता ते खरं होतं. भाव आला होता. तिने सांगितलं तेही खरं होतं. दोन्हींचं एकत्र काय करायचं ते तिला उमगेना. ती पोळ्या लाटायला लागली, आणि दोघींना पुरतील त्यापेक्षा कितीतरी जास्त लाटून बसली.

पुढे राकेशने नामपूरलाच व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर काम धरलं. पोटगी दर महिन्याला वेळेवर जायला लागली, घराच्या हप्त्यासाठीही तो थोडेफार पाठवू लागला. दर दुसऱ्या रविवारी तो पहाटेच्या बसने नाशिकला यायचा, मुलीला भेटायचा आणि परस्पर परत जायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात निकिता एकटीच उभी होती, हातात केळ्यांची पिशवी. "आजीला भेटायला आले. मम्मीने सांगितलं जा म्हणून."

"पप्पा?"

"खाली आहेत. वर या म्हटलं तर म्हणाले, तू जाऊन ये."

यशोदाबाईंनी नातीला पलंगावर ओढून घेतलं आणि तिचे गाल, दंड, मनगटं चाचपायला लागल्या, बाजारात काही पारखून घ्यावं तसं. निकिता गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती. अंजलीने गॅलरीतून खाली पाहिलं. राकेश गेटच्या आतल्या कट्ट्यापाशी एका पायावर भार टाकून उभा होता. हातात फोनसुद्धा नव्हता. नुसता उभा. वाळला होता, उन्हाने रापलाही होता.

तिने चहा टाकला. तो कपात न ओतता स्टीलच्या पेल्यात ओतला, वर बशी झाकली आणि तीन मजले उतरून खाली गेली.

त्याने तिला येताना पाहिलं आणि सरळ उभा राहिला, अनोळखी बाई समोर आल्यावर उभं राहावं तसा. पेला दोन्ही हातांनी घेतला. बशी त्याने कट्ट्यावर ठेवली. समोरच्या इमारतीत कोणी तरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी वाहत त्यांच्या पायांपर्यंत आलं आणि दोघं एकदमच एक पाऊल मागे सरकले.

चहा संपवून त्याने पेला तिच्या हातात दिला. "पायांचं काय म्हणाले डॉक्टर?"

"मोजे वापरायला सांगितलेत. घट्टवाले."

"वापरतेस?"

"ड्यूटीवर वापरते."

त्याने मान हलवली. "तिला म्हणावं सावकाश ये. गाडी चारची आहे."

अंजली जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत वरून आजी-नातीच्या हसण्याचा आवाज यायला लागला. ती तिथेच कठड्याला टेकून थांबली. पेला अजून कोमट होता. तो निवेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग पदराने त्याचा काठ पुसला आणि उरलेल्या पायऱ्या चढली.